दुसरा हंडा

लीलाधर गुरुजी दर वर्षी माघ महिन्यात खैरखेड्याच्या शाळेत फळ्यावर एक जंतू काढत. पुस्तकात त्याचं चित्र बोटाच्या पेराएवढं होतं, पण शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसावं म्हणून गुरुजी तो चांगला हातभर काढत. पुढे जाड, मागे निमुळता, डोक्यात एकच डोळा, शेपटीला दोन तुरे. नाव पाणपिसू. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, त्याच्या पायातला किडा पाण्यात पिल्लं सोडतो, ती पिल्लं पाणपिसू गिळते आणि पाण्याबरोबर पाणपिसू आपण गिळतो. मग वर्षभरानं पायाला फोड येतो आणि फोडातून दोऱ्यासारखा नारू बाहेर येऊ लागतो. एवढं सांगून गुरुजी विचारत, "कळलं?" आणि सारा वर्ग एका सुरात म्हणे, "कळलं!"

कळलेला वर्ग शाळा सुटली की बारवेच्या चाळीस पायऱ्या धडाधड उतरायचा, गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायचा.

बावीस वर्षांत त्या चित्राबद्दल गुरुजींना एकच प्रश्न विचारला गेला. विचारणारा लोटन. आता तो केळीचा बाग राखणारा, लेकरंबाळं असलेला बाप्या झाला होता, पण तेव्हा सातवीत होता. "गुरुजी, हाऊ एवढा जंतू नरडामाईन उतरस कसा?" वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले. घरी जाऊन मात्र त्यांना पुष्कळ वेळ वाटत राहिलं, की पोरगं चुकलं नव्हतं. आपण एवढा मोठा काढतो, लहान कसा ते सांगतच नाही. पण पुढच्या वर्षी त्यांनी तो तेवढाच काढला. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्या लोटनला पुढे दोनदा नारू झाला. काडीला गुंडाळलेला नारू पायाशी बांधून तो गावातून लंगडत जायचा, तेव्हा गुरुजी रस्ता बदलायचे.

अडुसष्ट सालच्या जानेवारीत शाळेत गिरधर आला.

धुळ्याकडचा, देवपूरचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, शर्ट खोचलेला, बोलताना हात हलवणारा. गावात सगळे शिक्षक 'गुरुजी' होते. गिरधरला पोरं पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणू लागली. कोणी सांगितलं, कुठून शिकली, कोण जाणे. आठवड्याभरात त्याची पिशवी शाळेपर्यंत कोणी न्यायची यावरून पोरांत भांडणं होऊ लागली. बावीस वर्षांत गुरुजींच्या छत्रीवरून कोणी भांडलं नव्हतं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं गुरुजींनी स्वतःला समजावलं, आणि रोज समजावावं लागतंय म्हणजे काहीतरी आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं.

गिरधर माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तो गुरुजींकडून पुस्तकं वाचायला नेई, कागदाचं कव्हर घालून परत करी, आणि मधल्या सुट्टीत "गुरुजी, हे तुम्ही कसं शिकवता?" असं विचारत बसे. गुरुजी दोन वाक्यांत उत्तर देत. तिसरं वाक्य त्यांना सुचे ते घरी गेल्यावर.

गिरधर राहायला होता पुखराज शेठच्या दुकानामागच्या खोलीत. पुखराज शेठ मारवाडी जैन. गावात किराण्याचं एकच दुकान, ते त्यांचं. त्यांच्या घरात गिरधरला एक गोष्ट दिसली, जी गुरुजींना बावीस वर्षांत दिसली नव्हती. म्हणजे दिसली होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. गावात दर तिसऱ्या घरात नारू, आणि शेठच्या घरात आजवर एकालाही नाही. पाणी तर त्याच बारवेचं.

"गुरुजी, चंदनबाई पाणी गाळतात!" गिरधर दुसऱ्या दिवशी धापा टाकत सांगू लागला. चंदनबाई म्हणजे शेठची बायको. "दुहेरी जाड फडक्यातून. थेंबही तसा पीत नाहीत. धर्म आहे त्यांचा. तुमची पाणपिसू त्या फडक्यावरच राहते. झालं ना मग?"

"हो," गुरुजी म्हणाले. "पुस्तकात आहे ते. वस्त्रगाळ पाणी."

पुस्तकात होतंच. शेवटच्या ओळीत.

गिरधरनं सहावी-सातवीचा वर्ग उचलला आणि थेट बारवेवर नेला. चंदनबाईंनाही बोलावलं. गुरुजी मागे, निंबाच्या सावलीत, छत्री मिटून उभे राहिले. पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या चंदनबाई आधी लाजल्या, मग त्यांनी हंडा समोर ठेवून त्याच्या तोंडावर फडकं धरलं आणि कळशीचं पाणी सावकाश ओतलं. पाणी खाली गेलं. मग त्यांनी ते फडकं अलगद उचललं, एका छोट्या तांब्यावर उलटं धरलं, गाळलेल्या पाण्याची बारीक धार वरून सोडली आणि तांब्या घेऊन पायऱ्या उतरायला लागल्या.

"बाई, हाई काय करी राहिन्यात?" लोटनची मुलगी देवका ओरडली. सहावीत होती, बापासारखीच जिभेला हाड नाही.

"जिवाणी, बेटा. फडक्यावर जीव राहतात ना, त्यांना त्यांच्या घरी सोडायचं. आपल्या पोटात नको, अन् उन्हात वाळून मरायला पण नको."

"बाई, जरा थांबा," म्हणून गिरधरनं त्या तांब्यातलं घोटभर पाणी पांढऱ्या कपात घेतलं, खिशातून धुळ्याहून आणलेलं भिंग काढलं आणि गुरुजींपुढे धरलं. "गुरुजी, पहिल्यांदा तुम्ही बघा."

सगळी पोरं गुरुजींकडे बघत होती. आयुष्यात गुरुजींनी पाणपिसू पाहिलेली नव्हती. "मी पुष्कळ पाहिल्यात," ते म्हणाले. "पोरांना दाखवा."

मग जो गलका झाला तो पार बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला. "उडस! उडस! दखा, उडस!" "एक डोया शे तिले!" एका पोरीनं तर तिथंच ओकारी काढली, आणि तिचं बाकीच्यांना फार कौतुक वाटलं. गिरधरनं एवढंच सांगितलं, "चंदनबाई करतात तसं हुबेहूब करायचं. घरी आईला शिकवायचं. आणि पाय दुखणाऱ्या माणसानं बारवेत उतरायचं नाही, त्याला वरच पाणी आणून द्यायचं."

पंधरा दिवसांत गावातल्या निम्म्या घरांत हंड्यावर फडकं आलं.

गुरुजींना लोटन भेटला तो चक्क हसतच. "गुरुजी, तुम्हीन काढेल जंतू वांगाएवढा व्हता! हाऊ ते तिळाएवढा बी नही! देवकानी माले दखाडा."

"फळ्यावर मोठाच काढावा लागतो, लोटन."

"ते खरं शे," लोटन म्हणाला, आणि ते खरं असूनही तो हसतच राहिला.

लोटनचं एक सोडून देता आलं असतं. पण प्रमिलाबाईंचं काय करायचं? गुरुजींची बायको. त्यांनी शेजारच्या तानुबाईकडून ऐकलं, देवकाला घरी बोलावून नीट शिकून घेतलं, जुनं जाड लुगडं फाडून दुहेरी फडकं केलं, आणि जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही पण शिकवता ना दर वर्षी?"

"शिकवतो."

"मग मला कधी का नाही सांगितलंत?"

गुरुजींनी घास चावून चावून बारीक केला. बायकोला फळ्यापुढे बसवावं असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. "पोरांना सांगतो," ते म्हणाले.

"तो सर हुशार आहे हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोरी कशा भराभर शिकल्या."

त्यानंतर आठवड्याभरात हेडमास्तर भाईदास यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की महिनाअखेर तालुक्याहून विस्तार अधिकारी तपासणीला येणार आहेत आणि विज्ञानाचा नमुना पाठ यंदा गिरधर सरांनी घ्यावा. बारवेच्या पाण्याचाच घ्यावा. नमुना पाठ दर वर्षी लीलाधर गुरुजी घेत. खरं तर त्या पाठाच्या आधी दोन रात्री अधिकारी काही विचारतील या भीतीनं त्यांना झोप येत नसे. दर वर्षी ते देवाला म्हणत, की यंदा दुसऱ्या कोणाला तरी दे. देवानं दुसऱ्याला दिला तेव्हा मात्र छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. भाईदास म्हणाले, "गुरुजी, तुमची हरकत नाही ना?" गुरुजी म्हणाले, "छे, छे."

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. फाल्गुन लागला होता, ऊन तापायला लागलं होतं, शाळा सकाळची झाली होती. निघण्यापूर्वी गुरुजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. प्रमिलाबाई पाणी गाळत होत्या. एक हंडा भरला. मग त्यांनी तेच ओलं फडकं उचललं, उलटं केलं आणि दुसऱ्या हंड्यावर बसवलं. वरून कळशी ओतली.

"उलटं का केलंस?"

"तसंच करायचं असतं. पहिला हंडा सुलटा, दुसरा उलटा. देवकानं दाखवलं. चंदनबाई तसंच करतात म्हणे."

गुरुजींनी दुसऱ्या हंड्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरलं. आधी काही दिसलं नाही. मग एक बारीक पांढरा कण टुणकन उडाला. मग दुसरा. थांबे, उडे, थांबे, उडे. बावीस वर्षं जी काढली ती पाणपिसू त्यांनी पहिल्यांदा पाहिली, आपल्याच घरच्या गाळलेल्या पाण्यात.

सगळा उलगडा तिथंच झाला. चंदनबाई फडकं उलटं करत होत्या ते जीव बारवेत परत सोडायला. पोरांना वाटलं, तेही गाळण्यातलंच एक काम. सरांनी हुबेहूब करायला सांगितलं होतं, त्यांनी हुबेहूब केलं. फक्त तांब्याच्या जागी दुसरा हंडा ठेवला. पहिल्या हंड्याच्या सगळ्या पिसवा वरून धार सोडून दुसऱ्या हंड्यात धुऊन निघत होत्या.  म्हणजे दुसरा हंडा न गाळल्यासारखाच, आणि लोक तो गाळलेला समजून पीत होते. गावातल्या निम्म्या घरांत.

गुरुजींना आनंद झाला.

तो इतका झटकन झाला, की त्यांना आवरायला वेळच मिळाला नाही. पाणपिसू दिसल्याचा तो आनंद नव्हता. गिरधर चुकला होता, त्याचा होता. त्यांनी पेला मोरीत ओतला, दुसरा हंडा अंगणातल्या तुळशीला रिकामा केला, फडकं खळखळून धुतलं आणि सुलटं बसवून दिलं.

"इश्श, भरलेला हंडा ओतला?"

"केर होता त्यात."

शाळेत पोचेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं, गिरधरला सांगायचं. मधल्या सुट्टीत गिरधरच त्यांच्याजवळ येऊन बसला. "गुरुजी, साहेबांसमोर पाठ घ्यायचा म्हणजे मला धडकी भरलीय. तुमचा बावीस वर्षांचा अनुभव. पोरं जे करताहेत त्यात कुठे काही चुकत असेल तर आत्ताच सांगा हं."

त्याच वेळी दारातून देवका ओरडली, "सर, चला ना!" आणि सात-आठ पोरं आत घुसून गिरधरच्या हाताला लोंबकळली. गुरुजी तिथंच बसले होते. एकाही पोरानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"ठीक चाललंय सगळं," गुरुजी म्हणाले.

उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. उद्या झालं, परवा झालं. चौथ्या दिवशी दाढी करताना त्यांना आरशात एक वाक्य सुचलं: 'साहेब, माफ करा, पण या पाठात एक चूक आहे.' मग ते हटेचना. साहेब खुर्चीत बसलेत, पोरं बसलीत, गिरधर हात हलवून बोलतोय, आणि मागून लीलाधर गुरुजी उभे राहतात. ज्यांनी आयुष्यात कुठल्या सभेत हात वर केला नाही ते. सांगायचंच आहे ना? मग त्या दिवशी सांगू. तपासणी आता तेरा दिवसांवर. तेरा दिवसांनी काय होतं?

काय होतं ते गावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

घरी ते रोज सकाळी पहिला हंडा भरला की प्रमिलाबाईंच्या हातून फडकं घेत, मोरीत धूत आणि सुलटं करून देत. "तुमचं आपलं नवंच सोवळं," त्या म्हणत. पण शेजारी तानुबाईच्या अंगणावरून जाताना ते छत्री त्या बाजूला कलती करून धरत. तानुबाई अंगणातच पाणी गाळायची. तिचा धाकटा रांगता होता, आणि तो दुसऱ्या हंड्याला धरून उभा राहायला शिकत होता. एकदा छत्री धरायची राहिली. तानुबाई फडकं उलटं करत होती. "गुरुजी, तुमना सरनी चांगलं सांगं बरं," ती कौतुकानं म्हणाली. सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. 'तुमना सर' ऐकलं आणि मिटलं.

तपासणीच्या दिवशी वर्ग सारवून रांगोळी काढली होती. विस्तार अधिकारी जाडजूड, घामेजलेले, चोपड्याहून धुळीच्या रस्त्यानं जीपमधून आलेले. हेडमास्तरांनी चंदनबाईंनाही मानानं खुर्ची दिली होती. त्या खुर्चीच्या कडेला, उठून पळायच्या बेतात बसल्या होत्या. खिडकीतून लोटन आणि आणखी पाच-सहा जण डोकावत होते. गिरधर सुरेख बोलला. इतका सुरेख, की गुरुजींना आपलं वाक्य आठवेना. मग देवका पुढे आली. पहिला हंडा गाळला. फडकं उचललं, उलटं केलं, दुसऱ्या हंड्यावर ठेवलं आणि कळशी उचलली.

"थांब, देवका."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. सगळ्या माना मागे वळल्या. गुरुजी पुढे आले, देवकाच्या हातून कळशी घेऊन स्वतः ओतली, दुसऱ्या हंड्यातलं पाणी पेल्यात घेऊन अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. "साहेब, माफ करा, पण या पाठात एक चूक आहे. भिंगातून बघा."

अधिकाऱ्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. "अरे! हे तर जिवंत!"

"फडकं उलटं केलं की वरच्या पिसवा खाली जातात," गुरुजी म्हणाले.  "चंदनबाई उलटं करतात ते जिवाणी सोडायला. हंडा गाळायला नव्हे."

"अरे देवा!" चंदनबाई खुर्चीतून उठल्याच. "मी तर त्यांच्या घरी पोचवायला उलटं करते रे बेटा! तुम्ही लोक हंड्यात पोचवता?"

खिडकीतून लोटननं कपाळावर हात मारला. "बठ्ठा गावनी दुसरा हंडामा नारू पेरा ना!" कोणी हसलं नाही. गिरधरचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. गुरुजींनी तो डोळे भरून पाहून घेतला. हेच पाहायचं होतं. मग गिरधर दोन पावलं पुढे आला आणि त्यानं सगळ्यांदेखत गुरुजींचे पाय धरले.

"गुरुजी, गाव वाचवलंत तुम्ही. माझ्या तर लक्षातही आलं नसतं. तुमच्या कधी लक्षात आलं?"

विचारण्यात काही डाव नव्हता. असता तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. वर्ग बघत होता, साहेब बघत होते, देवका आ वासून बघत होती.

"आत्ताच," गुरुजी म्हणाले. "हिनं उलटं केलं ना, तेव्हा."

साहेबांनी शेरेबुकात लीलाधर गुरुजींच्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल चार ओळी लिहिल्या. हेडमास्तरांनी त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. गिरधर जेवायलाही थांबला नाही. पोरांना घेऊन घरोघर चूक सांगायला निघून गेला. आणि शाळेतून घरी येताना चौथीतल्या दोघांनी गुरुजींची छत्री कोणी धरायची यावरून खरंच भांडण केलं. गुरुजींनी दोघांना मिळून धरू दिली. रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

घरी प्रमिलाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. तानुबाई येऊन सगळं सांगून गेली होती. "किती नाव झालं तुमचं," त्या म्हणाल्या. पण आत येऊ द्यायला बाजूला झाल्या नाहीत. "अहो, पण एक विचारू? आत्ताच लक्षात आलं म्हणता, तर मग आपल्याकडे रोज फडकं सुलटं कसं काय करत होतात?"

गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवली. ती पडली. उचलून पुन्हा टेकवली.

"किती दिवस झाले त्याला?" प्रमिलाबाईंनी विचारलं आणि स्वतःच हिशेब केला. "भरला हंडा ओतलात तो शनिवार होता. म्हणजे सतरा दिवस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तानुबाईचा रांगता पोरगा आहे हो."

"साहेब यायचे होते."

"साहेब काय प्यायला येणार होते?" त्या बाजूला झाल्या. "तिला मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मीच सांगतो, सगळ्यांना," म्हणून ते आत न जाता तसेच परत फिरले. गिरधर बारवेच्या काठावर सापडला, घसा बसलेला, अठ्ठावीस घरं फिरून आलेला. गुरुजींनी सगळं सांगितलं. पुस्तकातलं वाचावं तसं, एका दमात, एकही वाक्य न गाळता. मोरीत ओतलेला पेलासुद्धा सांगितला. गिरधर आधी हसला, त्याला वाटलं गुरुजी काहीतरी थट्टा करताहेत. मग त्याचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, गुरुजी."

"हो."

"समोर बसून विचारलं होतं."

"हो."

"माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्या होत्या. साहेबांकडे तक्रार करायची होती." तो उठला, पुन्हा बसला. "चूक माझीच आहे. मी 'हुबेहूब' म्हणालो. पण तुम्हाला माहीत होतं, गुरुजी. पोरं पीत होती."

गुरुजींना त्याच्याकडून शिव्या हव्या होत्या. हा चांगुलपणा त्यांना सहन होईना, आणि चांगुलपणाही याच्याच वाट्याला आला, याचाही त्यांना त्या घडीला हेवा वाटला. "उद्या वर्गात मी सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहावी-सातवी एकत्र बसली. गिरधर दाराशी उभा राहिला. गुरुजींनी फळ्यावर काही काढलं नाही. खडू हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. "काल मी खोटं बोललो," ते म्हणाले. "दुसऱ्या हंड्याचं मला सतरा दिवस आधी कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

वर्गाला ते लगेच समजलं नाही. मग देवका उभी राहिली. "कसाले नही सांगं?"

यावर द्यायला त्यांनी दोन-तीन बरी उत्तरं रस्त्यानं येताना जुळवली होती. ती आठवेनात. "तुम्हाला सर आवडतात," गुरुजी म्हणाले. "मला ते बघवत नव्हतं."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. देवका मात्र हसली नाही. ती आपल्या पायांकडे बघत होती. घोट्याजवळ तिनं एकदा बोट लावून पाहिलं. तिच्या बापाला तिथंच फोड आला होता.

"मंग आते आमना पायमा नारू निंघी का?"

"माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "आधी प्यायलेल्या पाण्यातूनही निघू शकतो, त्या सतरा दिवसांतूनही. कशातून निघाला ते कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काहीच कळणार नाही."

देवकानं दाराकडे मान वळवली. "सर, हाई खरं शे का?"

गिरधरनं मान हलवली. तेव्हा कुठे वर्गाला ते खरं वाटलं. सगळे चेहरे दाराकडे लागलेले गुरुजींनी पाहिले, आणि एवढं सगळं सांगून झाल्यावरही त्यांच्या छातीत तीच जुनी कळ उठली. ती जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेली नाही. ती तशीच असताना पुढचं बोलावं लागणार होतं.

"उद्यापासून पावसाळा लागेपर्यंत रोज पहाटे मी बारवेच्या काठावर बसेन," ते म्हणाले. "सगळ्या घरांनी तिथंच पाणी गाळायचं. प्रत्येक हंडा मी बघेन. ज्याचा पाय फुटला असेल त्याला खाली उतरू देणार नाही, त्याची कळशी मी भरून आणीन."

चाळीस पायऱ्या आणि गुरुजींचे गुडघे, दोन्ही पोरांना माहीत होते.  मग देवकानंच विचारलं, "सर बी येतीन ना?"

लीलाधर गुरुजींनी दाराकडे पाहिलं नाही.

"येतील," ते म्हणाले. "मी बोलावतो त्यांना."